जरा बाजूला सरका!

सुरुवातीलाच एक कबुली देऊन टाकते. माझी शाळा कॉन्व्हेंट. आवारात मराठी बोललं की एक रुपया दंड, आणि दंडाची वही वर्गाच्या मॉनिटरकडे. मी स्वतः दोन वर्षं मॉनिटर होते, तरी त्या वहीत सगळ्यात जास्त वेळा माझंच नाव! त्यामुळे माझं मराठी हे असं, बोलता बोलता लिहिलेलं. ऱ्हस्व-दीर्घाची जबाबदारी मराठी विभागाच्या संपादकांची. असो.

मुद्दा फोटोंचा आहे. आपण सहलीला जातो, इंडस्ट्रियल व्हिजिटला जातो, एनएसएसच्या कॅम्पला जातो. कुठं तीन तास थांबतो, कुठं अर्धा दिवस, आणि ढीगभर फोटो काढून परत येतो. त्या फोटोंत नेमकं असतं काय? मी यावर विचार करायला लागले त्याला कारण झालं गोल्फ. हो, गोल्फच! हसू नका, सांगते.

गेल्या दिवाळीत मी आजोळी होते. आमचं आजोळ लातूर जिल्ह्यात, औसा तालुक्यात, किल्लारीच्या जवळ. माझा मामेभाऊ सध्या स्कॉटलंडमध्ये एम.एस्सी. करतोय. दादा एका रविवारी सेंट अँड्र्यूज नावाच्या गावी अर्ध्या दिवसासाठी जाऊन आला आणि तिथल्या जगप्रसिद्ध ओल्ड कोर्सचे ८७ फोटो त्यानं घरच्या ग्रुपवर टाकले. आज्जी माझ्या मोबाईलवर एकेक फोटो बोटानं सरकवत बघत होती. बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "एवढं गवत हाय, अन् एक बी जनावर कसं न्हाई गं?"

आम्ही सगळे हसलो. पण नंतर मी वाचलं तर आज्जीचाच प्रश्न बरोबर निघाला. समुद्र आणि शेतजमीन यांच्या मधली जी वाळूची, उंचसखल, गवताळ पट्टी असते तिला तिकडे लिंक्स म्हणतात. नांगराला निरुपयोगी, म्हणून गुरांमेंढरांना मोकळी. त्याच जमिनीवर लोक चेंडू मारायला लागले. खेळ एवढा वाढला की १४५७ मध्ये स्कॉटलंडच्या पार्लमेंटनं त्यावर बंदी घातली, कारण पोरं धनुष्यबाणाचा सराव सोडून गोल्फ खेळत बसायची. (परीक्षेच्या आठवड्यात आपल्या बॉईज हॉस्टेलच्या मागे क्रिकेट चालतं तसंच!) एका डावात अठरा होल असावेत हा प्रघातसुद्धा याच मैदानातून, १७६४ पासून आला. आणि दादाच्या ८७ पैकी जवळपास ६० फोटोंत जो छोटासा दगडी पूल आहे, स्विलकन ब्रिज, तो मुळात मेंढपाळांनी जनावरं ओढ्यापलीकडे न्यायला बांधलेला, साधारण सातशे वर्षांपूर्वीचा असं सांगतात. लांबी जेमतेम तीस फूट. रविवारी तिथं खेळ बंद असतो आणि मैदान सगळ्यांना फिरायला मोकळं. म्हणून तर दादाला आत जाता आलं.

आता त्या ६० फोटोंत काय आहे? दादा पुलावर उभा. दादा पुलावर हात पसरून. दादा पुलावर, शेजारी एक अनोळखी जपानी काका. तिथं जाणारा प्रत्येक माणूस बरोबर त्याच जागी उभा राहून हाच फोटो काढतो. इतके लोक उभे राहतात की पुलाच्या तोंडाशी गवत टिकेना. २०२३ मध्ये व्यवस्थापनानं तिथं दगडी फरशी बसवली. त्यावर जगभरातून आरडाओरडा झाला आणि थोड्याच दिवसांत ती काढूनही टाकावी लागली. म्हणजे फोटो काढणाऱ्यांनी ज्याचा फोटो काढायचा तेच तुडवून टाकलं होतं. आणि एवढं करून ते मैदान कसं आहे, त्याचे चढउतार कसे आहेत, समुद्र कोणत्या बाजूला आहे, यातलं काही म्हणजे काही दादाच्या फोटोंतून मला कळलं नाही.

मी दादाला ग्रुपवर भरपूर चिडवलं. त्यानं एवढंच विचारलं, "तू कंधारला गेली होतीस ना? तुझे टाक बघू." आणि माझी बोलती बंद!

तर कंधारची गोष्ट. ऑगस्टमधल्या एका रविवारी आम्ही लेडीज हॉस्टेलच्या पाच जणी कंधारचा किल्ला बघायला गेलो होतो. नांदेडहून लोह्यावरून एसटीनं. संध्याकाळी रेक्टर मॅडमच्या रजिस्टरात वेळेवर सही पाहिजे, म्हणून किल्ल्यासाठी हातात होते दोन तास. पोचलो तेव्हा अकरा वाजून गेलेले. ज्यांनी कंधार बघितलं नाही त्यांच्यासाठी सांगते, हा डोंगरी किल्ला नाही, भुईकोट आहे. भोवती खंदक, भक्कम तटबंदी, बुरूज. पण गाव त्याहून जुनं. राष्ट्रकूटांच्या काळात हे मोठं नगर होतं. तिसऱ्या कृष्णाच्या काळातला, म्हणजे दहाव्या शतकातला, संस्कृत शिलालेख इथं सापडला आहे आणि गावाजवळच्या तलावाला आजही जगत्तुंग सागर म्हणतात. पुढे बहामनी, निजामशाही, मोगल, हैदराबादचे निजाम, सगळ्यांच्या हातांतून किल्ला गेला. आपल्या हॉस्टेलपासून दीड-दोन तासांवर हजारेक वर्षांचा इतिहास, आणि आपल्यातल्या निम्म्या जणांनी तो बघितलेला नाही!

मी बघितला होता. माझ्या मोबाईलमध्ये त्या दिवसाचे १६३ फोटो होते. दादाच्या प्रश्नानंतर मी ते मोजले. ११८ फोटोंत आम्ही पाच जणी, किल्ला फक्त खांद्यांच्या वर जेवढा उरतो तेवढा. उरलेल्या ४५ पैकी १२ भेळेचे, ७ एका शेळीचे (शेळी खरंच गोड होती). बाकीचे भर दुपारच्या उन्हातले, सगळं पांढरट आणि सपाट. आमच्यातली एक सिव्हिलची. तिनं सहज विचारलं, खंदक अंदाजे किती रुंद असेल? पाच मोबाईलमध्ये मिळून चारशेच्या वर फोटो, आणि एकातही खंदकाचे दोन्ही काठ एकत्र दिसत नव्हते. मुख्य दरवाज्याला लाकडी फळ्या आहेत की नाहीत यावरून भांडण झालं, कारण दरवाज्याच्या प्रत्येक फोटोत फळ्यांच्या जागी आम्हीच उभ्या!

एवढ्यावर मी हे हसून सोडून दिलं असतं. पण त्याच दिवाळीत आज्जीनं मला एक फोटो दाखवला. तो मी लहानपणापासून बघत आलेय, पण कधी नीट बघितलाच नव्हता.

३० सप्टेंबर १९९३. पहाटे तीन वाजून छप्पन्न मिनिटं. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती, गणपती बुडवून सगळं गाव दमून झोपलेलं. आमच्या पिढीला किल्लारीचा भूकंप हा सिव्हिलच्या सिलॅबसमधला केस स्टडी आहे. दोन-अडीच फूट जाडीच्या दगडमातीच्या भिंती, आतल्या आणि बाहेरच्या थराला एकत्र बांधणारे आरपार दगड नाहीत, वर लाकडी सांगाड्यावर मातीचं जड माळवद. हादरा बसला की भिंत मधून फुटते आणि माळवद खाली येतं. जवळपास दहा हजार माणसं गेली. परीक्षेत हे लिहिलं की पूर्ण मार्क. आमच्या घरातली त्यातली माणसं तीन. आज्जीची सासू, दीर आणि दिराची चार वर्षांची मुलगी. माझी आई तेव्हा तेरा वर्षांची होती. त्या दिवशी ती आत्याकडे लातूरला होती, म्हणून मी आज हा लेख लिहितेय.

घर तर राहिलंच नाही. पूर्ण गाव दुसरीकडे वसवलं. घरात जे काही फोटो होते, लग्नाचे, बारशाचे, ते सगळे ढिगाऱ्यात गेले. मग हा एक फोटो कसा राहिला?

१९९१ च्या उन्हाळ्यात आजोबांचे एक मावसभाऊ पुण्याहून तुळजापूरला निघाले होते. वाटेत दुपारी दोन-तीन तासांसाठी आमच्या घरी उतरले. गळ्यात कॅमेरा, ३६ फोटोंच्या रोलमधले चार-पाचच उरलेले. त्यांनी सगळ्यांना अंगणात उभं केलं आणि एक फोटो काढला. त्याची एक प्रत पोस्टानं पाठवली, ती भूकंपात गेली. पण निगेटिव्ह पुण्याला होती! १९९४ मध्ये त्यांनी पुन्हा प्रिंट काढून आज्जीला आणून दिली. आमच्या त्या घराचा जगातला एकमेव पुरावा म्हणजे दोन तासांसाठी आलेल्या पाहुण्याचा एक फोटो.

फोटोत आठ माणसं ओळीनं उभी आहेत. आज्जी मात्र टोकाला, जरा लांब, डोक्यावर पदर घेऊन. स्वयंपाकघरातून उशिरा आली, मधे उभं राहायला लाजली, म्हणून बाजूलाच थांबली. त्यामुळे तिच्यात आणि बाकीच्यांत हातभर जागा मोकळी राहिली आहे आणि त्या फटीतून मागचं दिसतं. दाराची चौकट, तिच्यावरचं कोरीव फूल, शेजारी भिंतीत कोनाडा, कोनाड्यात दिवा, आणि एका बाजूला ढाळजेचा कट्टा. (ढाळज म्हणजे काय हे मला आज्जीलाच विचारावं लागलं. दारातून आत शिरल्या शिरल्या बसाउठायची जी जागा, ती ढाळज. शब्दही फोटोबरोबरच सापडला म्हणायचा.) मला वाटायचं आज्जी तो फोटो बघते तेव्हा गेलेल्या माणसांचे चेहरे बघते. या वेळी मी तिच्या बोटाकडे बघितलं. चेहऱ्यांवरून बोट फिरवून ते थांबलं त्या फटीवर. म्हणाली, "माणसं डोळ्यापुढं येत्यात गं अजून. पण कोनाडा कुठल्या अंगाला व्हता, हेच मी इसरले व्हते. ह्यो फोटो नसता तर उलटंच सांगत बसले असते."

तेव्हापासून माझं एक मत झालंय आणि ते इथं मांडण्यासाठीच हा लेख. "दोन तासांत काय फोटो काढायचे, पुन्हा निवांत येऊ" असं आपण म्हणतो, ते चूक आहे. थोड्या वेळासाठी आलेल्या माणसाचा फोटो फार महत्त्वाचा असतो, कारण तो फोटो घेऊन निघून जातो! गावातल्या गोष्टी गावाबरोबर जातात. पाहुण्यानं नेलेली प्रत दुसरीकडे असते, म्हणून वाचते. फक्त त्या प्रतीत ती जागा आली पाहिजे, आपण एकटेच नाही.

माझंच नाही, मोठ्यांचंही असंच आहे. जेम्स बर्जेस नावाचा स्कॉटिश सर्वेक्षक १८७५-७६ च्या हंगामात आपल्या भागात फिरला. लातूर जिल्ह्यातल्या खरोशाच्या लेण्या, धाराशिवच्या लेण्या बघितल्या, मापं घेतली, चित्रं काढली आणि १८७८ मध्ये त्याचं पुस्तक आलं. तो काही खरोशाला राहायला आलेला नव्हता, एका मोसमात केवढा तरी मुलूख पालथा घालायचा होता. खरोशाचा दगड जांभा, मऊ, पावसापाण्यानं झिजणारा. आज तिथं उभं राहून "पूर्वी इथं काय होतं" असं कुणी विचारलं तर उत्तरासाठी त्या घाईतल्या पाहुण्याचं पुस्तक उघडावं लागतं. कंधारच्या किल्ल्यातल्या फारसी शिलालेखांचंही तसंच. हैदराबाद संस्थानाच्या पुरातत्त्व खात्याचे पहिले प्रमुख गुलाम यझदानी यांनी शंभर वर्षांपूर्वी ते वाचून छापले, म्हणून त्यांत काय लिहिलंय ते आपल्याला कळतं.

आणि आपल्या बिरादरीतलं एक नाव सांगते, राजा दीनदयाळ. जन्म १८४४. शिकले कुठं, तर रुरकीच्या थॉमसन सिव्हिल इंजिनिअरिंग कॉलेजात, जिथं आज आयआयटी आहे. इंदूरला पीडब्ल्यूडीत ड्राफ्ट्समन म्हणून नोकरी करता करता कॅमेरा हातात घेतला आणि पुढे सहाव्या निजामाचे दरबारी फोटोग्राफर झाले. आपला मराठवाडा तेव्हा निजामाच्याच राज्यात, १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत. काचेच्या प्लेटा, लाकडी कॅमेरा, तिकाटणं, सगळं लवाजम्यासकट न्यायचं आणि एका प्लेटवर एकच फोटो. ड्रॉइंगच्या तासाला कंटाळणाऱ्या समस्त एफवाय जनतेनं त्यांच्या इमारतींच्या फोटोंतल्या उभ्या रेषा बघाव्यात. ड्राफ्ट्समनचा हात त्यांच्या डोळ्यात उतरलाय.

पण सगळ्यात मोठं उदाहरण बामियानचं. अफगाणिस्तानातल्या बुद्धाच्या दोन प्रचंड मूर्ती, मोठी ५५ मीटरची, मार्च २००१ मध्ये तालिबाननं सुरुंग लावून उडवल्या. त्यानंतर झ्युरिकच्या ईटीएचमधल्या लोकांनी जुन्या फोटोंवरून मोठ्या मूर्तीचं संगणकावर मापानिशी मॉडेल केलं. त्यांच्याकडे इंटरनेटवरचे फोटो होते, एका पर्यटकाचे होते आणि रॉबर्ट कोस्तका नावाच्या ऑस्ट्रियन प्राध्यापकांनी १९७० मध्ये मोजणीच्या कॅमेऱ्यानं काढलेले मोजकेच फोटो होते. सगळ्यात चांगलं मॉडेल आलं ते त्या मोजक्या फोटोंवरून. तेही पाहुणेच, पण फोटो विचार करून काढलेले!

कुणी म्हणेल, अगं पण सेल्फी म्हणजे आठवण, ती काढूच नये का? काढा की! मी स्वतः काढते. शिवाय माणूस फोटोत असणं फायद्याचंच असतं. कंधारजवळ मानसपुरीत क्षेत्रपालाच्या एका अवाढव्य मूर्तीचे तुकडे आहेत. नुसत्या पावलाचा फोटो काढला तर तो कुठलाही कोरलेला दगड वाटतो. शेजारी माणूस बसला की बघणाऱ्याच्या तोंडून "बाप रे" निघतं. म्हणून माझी तक्रार फोटोत असण्याबद्दल नाही, मधोमध असण्याबद्दल आहे. जरा बाजूला सरका, एवढंच. आज्जीसारखं.

जानेवारीत मी आणि ती सिव्हिलवाली मैत्रीण पुन्हा कंधारला गेलो. या वेळी पहिली एसटी पकडली, थंडीत कुडकुडत, आणि वेळ तेवढाच, दोन तास. फरक फक्त उन्हाचा आणि डोक्यातल्या यादीचा. दादाला चिडवायच्या नादात मी गोल्फ मैदानांचे चांगले फोटो शोधले होते. ते काढणारे लोक म्हणे पहाटे नाहीतर सूर्य मावळताना जातात. जमिनीचे बारीक चढउतार दुपारच्या उन्हात दिसतच नाहीत. सूर्य खाली असला की प्रत्येक उंचवट्याची सावली लांब पडते आणि मैदान उठून दिसतं. हेच भुईकोटालाही लागू! सकाळच्या तिरक्या उन्हात तटाचा एकेक दगड वेगळा दिसत होता. कुठं जुनं बांधकाम संपतं आणि कुठं नंतरची डागडुजी सुरू होते तेही दिसलं. ऑगस्टमध्ये ते आमच्या समोरच होतं, आम्हाला दिसलं नव्हतं. एका शिलालेखावर ऊन पोचत नव्हतं, तिथं मैत्रिणीनं मोबाईलची बॅटरी दगडाला जवळजवळ चिकटवून बाजूनं धरली आणि मी समोरून फोटो काढला. समोरून फ्लॅश मारला तर अक्षरं पुसल्यासारखी होतात, बाजूनं उजेड टाकला तर सुटी सुटी उभी राहतात. मला फारसीतलं ओ का ठो कळत नाही, पण ज्याला कळतं त्याला तो फोटो वाचता येईल.

खंदकाचे दोन्ही काठ एका फोटोत घेतले. दरवाजा आधी रिकामा काढला, मग मैत्रिणीला कडेला उभं करून. एका कोपऱ्याचे ओळीनं पन्नासेक फोटो काढले, प्रत्येकात आधीच्या फोटोचा निम्म्याहून जास्त भाग येईल असे. तसे असले की फुकटच्या सॉफ्टवेअरमध्येही त्यांचं थ्री-डी मॉडेल होतं. आमचं जरा ओबडधोबड झालं, पण झालं. मापासाठी ड्रॉइंगची ३० सेंटिमीटरची पट्टी भिंतीला टेकवून ठेवली. एफवायनंतर त्या पट्टीचा पहिल्यांदाच काहीतरी उपयोग झाला! भिंतीवर मात्र काही चिकटवायचं नाही, खरवडायचं नाही, आणि तिकाटणं लावायचं तर आधी परवानगी विचारायची. आणि हो, ते फोटो ग्रुपवर नुसते फॉरवर्ड केले की बारीक होतात आणि त्यातली तारीख, वेळ, ठिकाण उडून जातं. डॉक्युमेंट म्हणून पाठवा, मूळ फाईल जपून ठेवा. पुण्याची निगेटिव्ह आठवा.

मला खरं बोलायचंय ते मात्र किल्ल्यांपेक्षा घरांबद्दल. किल्ल्याला निदान पाटी आहे, राखणदार आहे. आपल्या एनएसएसचा कॅम्प दरवर्षी कुठल्या ना कुठल्या खेड्यात सात दिवस असतो. तिथं अजून माळवदाची घरं आहेत, ढाळजा आहेत, भिंतीत धान्य साठवायची बळदं आहेत. दर वर्षी त्यातली काही पडतात, काही पाडून स्लॅब टाकतात. टाकू देत, त्या छपराखाली झोपायची भीती काय असते हे आमच्या घराला कुणी सांगायला नको. पण पाडायच्या आधी एक सकाळ पुरते. आपण सात दिवसांत फोटो काढतो ते कशाचे? खराटे हातात घेतलेल्या आपल्याच रांगेचे. गेल्या अहवालातले चौदाही फोटो तसलेच आहेत, आणि त्यातल्या दोन फोटोंत मी आहे.

आणि घराचा फोटो काढला तर त्याची प्रिंट त्या घरी पोचवायची, हे मी अटच म्हणून सांगेन. भूकंपानंतर आमच्या गावात कॅमेरेवाल्यांची रीघ लागली होती, असं आई सांगते. ढिगाऱ्यावर बसलेल्या आज्जीचे किती फोटो निघाले कुणास ठाऊक. कुणी विचारलं नाही आणि त्यातला एकही आमच्या घरी आला नाही. आज्जी त्या माणसांवर चिडत नाही. पण पुण्याच्या भाऊजींचं नाव निघालं की म्हणते, "त्येनं आणून दिला." काढला असं म्हणत नाही, आणून दिला म्हणते.

आपल्या लायब्ररीत अशा फोटोंसाठी एखादा कॉम्प्युटर किंवा नुसती एक हार्ड डिस्क मिळावी, गावाचं नाव, तारीख, कोणी काढला, कोणत्या दिशेनं, एवढं लिहून मूळ फाईल तिथं ठेवता यावी, असा अर्ज आम्ही दोघींनी दिलेला आहे. स्टाफपैकी कुणी हे वाचत असेल तर जरा बघा, प्लीज. एक प्रत कॉलेजच्या बाहेरही कुठंतरी ठेवायची, असं अर्जातच लिहिलंय.

संक्रांतीला पुन्हा आजोळी गेले तेव्हा कंधारचे फोटो आज्जीला दाखवले. तिनं किल्ला बिल्ला काही बघितलं नाही, दाराच्या फोटोवर मात्र थांबली. मग म्हणाली, "आता ह्या घराचा पण काढ की." हे घर म्हणजे पुनर्वसनातलं. जमिनीच्या हिशोबानं अडीचशे, साडेचारशे आणि साडेसातशे चौरस फुटांची घरं मिळाली होती, आमचं मधलं. तीस वर्षांहून जास्त झाली, ती आता इथंच राहते. कोनाडा नाही, ढाळज नाही, पण दारापुढं तुळस आहे आणि तिनं स्वतः सारवलेला ओटा आहे. मी सकाळी आठला उन्हाची वाट बघून चारही बाजूंनी फोटो काढले, पट्टी लावून. मग आज्जी नवं लुगडं नेसून बाहेर आली आणि तुळशीपुढं नीट मधोमध उभी राहिली.

मी म्हटलं, "आज्जी, जरा बाजूला सरक ना. दार दिसू दे."

"सरकते की," म्हणाली. "पर ह्या टायमाला मला बी दिसू दे."

तो फोटो मी दोनदा काढला, आणि दोन्ही प्रिंटा तिच्या ट्रंकेत आहेत.